राजांसाठी घडवलेली मोटार, भंगाराच्या भावात

न्यूयॉर्कमधील भंगाराच्या एका आवारात १९४० च्या दशकात एक अवाढव्य मोटार पडून होती. टप उघडता येणारी, दोन दारांची, आणि एखाद्या मालमोटारीला शोभेल एवढ्या लांबीची. तिच्या इंजिनाचा ब्लॉक हिवाळ्यातील थंडीने तडकला होता. भंगारात आलेल्या वाहनांचे पुढे जे होते, तेच तिचेही झाले असते. परंतु जनरल मोटर्स कंपनीच्या ब्यूक विभागातील मुख्य अभियंता चार्ल्स चेन यांना तिचा सुगावा लागला. जुन्या मोटारींचा नाद असलेल्या चेन यांनी ती सुमारे ४०० डॉलरना विकत घेतली. अवघ्या दहा-बारा वर्षांपूर्वी ही मोटार तिच्या पहिल्या मालकाला सुमारे ४३ हजार डॉलरना पडली होती.

ही मोटार होती बुगाटी ‘टाइप ४१’, म्हणजेच जगप्रसिद्ध ‘रोयाल’. अशा फक्त सहा मोटारी बनल्या आणि बाहेरच्या ग्राहकांना विकल्या गेलेल्या मोटारींपैकी ही एक. राजेरजवाड्यांनी ती घ्यावी म्हणून तिला ‘रोयाल’ हे नाव मिळाले. प्रत्यक्षात एकाही राजाने ती घेतली नाही. जिच्यावर अभिमानाने आयुष्यातील उमेदीची वर्षे खर्ची घातली, ती मोटार तिचे निर्माते एतोरे बुगाटी यांना विकता आली नाही. विसाव्या शतकातील एका असामान्य कारागिराच्या यशापयशाची कहाणी या सहा मोटारींच्या खरेदी-विक्रीत सामावलेली आहे.

कलावंतांच्या घरातील अभियंता

एतोरे बुगाटी यांचा जन्म १५ सप्टेंबर १८८१ रोजी इटलीतील मिलान शहरात झाला. घराणे कलावंतांचे होते. वडील कार्लो बुगाटी हे लाकडी सामान आणि दागिन्यांचे नामवंत रचनाकार. त्यांच्या खुर्च्या-टेबले आजही युरोप-अमेरिकेतील वस्तुसंग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत. आत्याचे यजमान जोव्हान्नी सेगान्तिनी हे आल्प्स पर्वताचे चित्रकार म्हणून विख्यात. धाकट्या भावाचे तर नावच रेम्ब्रांट ठेवण्यात आले होते. एतोरे यांनीही कलावंत व्हावे अशी घरच्यांची अपेक्षा होती आणि त्यांनी मिलानच्या ब्रेरा कला अकादमीत काही काळ शिक्षणही घेतले. पण रेम्ब्रांटच्या बोटांतील जादू त्यांनी ओळखली. शिल्पकलेत आपण या भावापुढे दुय्यमच ठरू, हे त्या वयातच त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी ती वाट सोडली.

त्याच सुमारास मोटारींचे युग सुरू होत होते. मिलानमधील प्रिनेत्ती आणि स्तुक्की या कारखान्यात एतोरे उमेदवारी करू लागले. तेथे तीनचाकी वाहनांवर त्यांचा हात बसला. १९०१ मध्ये गुलिनेल्ली बंधूंच्या अर्थसाहाय्याने त्यांनी स्वतःच्या रचनेची मोटार बांधली आणि मिलानच्या प्रदर्शनात ती मांडली. तिला पारितोषिक मिळाले आणि अल्सास प्रांतातील द दित्रिश या मोठ्या कारखान्याचे लक्ष या तरुणाकडे गेले. करार झाला तेव्हा एतोरे कायद्याने सज्ञान नव्हते. त्यामुळे करारपत्रावर वडिलांना सही करावी लागली.

पुढील काही वर्षे नोकऱ्या आणि भागीदाऱ्या यांत गेली. द दित्रिशनंतर एमिल माथिस, त्यानंतर कोलोन शहरातील डॉइट्झ कंपनी. दिवसा मालकांसाठी मोठ्या मोटारींचे आराखडे आणि रात्री घराच्या तळघरात स्वतःच्या छोट्या मोटारीची जुळणी, असा त्यांचा कोलोनमधील दिनक्रम होता. ही छोटी मोटार त्यांच्या पुढील साऱ्या कामाचा पाया ठरली. १९०९ च्या अखेरीस त्यांनी नोकरी सोडली आणि पत्नी व मुलांसह अल्सासमधील मोल्सहाइम या लहानशा गावी बिऱ्हाड हलवले. तेथे कापड रंगवण्याचा एक बंद पडलेला कारखाना भाड्याने मिळाला. अल्सास तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होते. बुगाटी यांचे नाव पुढे ज्या गावाशी कायमचे जोडले गेले ते हेच मोल्सहाइम.

सुरुवातीच्या काळात बुगाटी यांनी एक चांगला सौदा केला. आपल्या एका छोट्या मोटारीचा आराखडा त्यांनी फ्रान्सच्या पेजो कंपनीला विकला. ‘बेबे’ या नावाने १९१३ पासून बाजारात आलेली ही स्वस्त मोटार सुमारे तीन हजारांच्या संख्येने बनली. सामान्य ग्राहकाला परवडेल आणि आवडेल असे काही निर्माण करणे बुगाटी यांना अशक्य नव्हते, एवढे यातून दिसते. मात्र त्यांचे मन त्यात रमणारे नव्हते.

पहिल्या महायुद्धाने हा डाव विस्कटला. जर्मन भूमीत राहणाऱ्या या इटालियन माणसाने काही मोटारी जमिनीत पुरून ठेवल्या आणि १९१४ मध्ये मोल्सहाइम सोडले. युद्धकाळात पॅरिसमध्ये त्यांनी विमानाच्या इंजिनांचे काम केले. याच काळात रेम्ब्रांट यांनी जानेवारी १९१६ मध्ये पॅरिसमध्ये आत्महत्या केली. प्राण्यांची जिवंत वाटावीत अशी ब्राँझ शिल्पे घडवणारा हा कलावंत तेव्हा अवघा ३१ वर्षांचा होता. भावाची ही आठवण एतोरे यांनी आयुष्यभर जपली.

मालकाच्या मर्जीची विक्री

युद्धानंतर अल्सास फ्रान्सकडे आले आणि मोल्सहाइमचा कारखाना पुन्हा सुरू झाला. १९२१ मध्ये इटलीतील ब्रेशिया येथील शर्यतीत बुगाटीच्या मोटारींनी पहिले चारही क्रमांक पटकावले. १९२४ मध्ये आलेल्या ‘टाइप ३५’ मोटारीने तर शर्यतींच्या इतिहासात स्वतःचे पान लिहिले. सिसिलीतील खडतर तार्गा फ्लोरिओ ही शर्यत १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षे बुगाटीने जिंकली. निळ्या रंगाची, घोड्याच्या नालेच्या आकाराचे रेडिएटर मिरवणारी ही मोटार युरोपभर ओळखीची झाली.

बुगाटी यांचे वेगळेपण केवळ मोटारींत नव्हते, त्या विकण्याच्या पद्धतीतही होते. मोल्सहाइमचा कारखाना म्हणजे एक छोटेसे संस्थानच होते. तेथे जातिवंत घोड्यांच्या पागा होत्या, ग्राहकांना उतरण्यासाठी खास अतिथिगृह होते, आणि डोक्यावर गोल हॅट घातलेले मालक कधी घोड्यावरून, तर कधी सायकलवरून कारखान्यात फेरी मारत. मोटार घ्यायला आलेला पाहुणा त्यांच्या नजरेतून तपासला जाई. पैसे आहेत म्हणून मोटार मिळेलच, याची खात्री नसे.

त्यांच्या तऱ्हेवाईकपणाच्या अनेक आख्यायिका प्रसिद्ध आहेत. थंडीत मोटार सुरू होत नाही, अशी तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकाला त्यांनी उबदार गॅरेज बांधण्याचा सल्ला दिल्याचे सांगतात. ब्रेक नीट लागत नाहीत, या तक्रारीवर आपण मोटारी धावण्यासाठी बनवतो, थांबण्यासाठी नव्हे, असे त्यांनी ऐकवल्याचेही सांगितले जाते. या कथांत अतिशयोक्ती असेल. पण ग्राहकाच्या गरजेपेक्षा आपल्या कल्पनेला वरचे स्थान देणारा हा मालक होता, याबद्दल दुमत नाही. शर्यती जिंकल्या जात होत्या तोवर हा मानीपणा खपून गेला. त्याची खरी परीक्षा ‘रोयाल’ने घेतली.

सहा मोटारी, तीन गिऱ्हाइके

जगातील सर्वांत भव्य, सर्वांत आलिशान मोटार आपण बनवायची, हा विचार बुगाटी यांच्या मनात अनेक वर्षे घोळत होता. एका मेजवानीत कोणा इंग्रज महिलेने रोल्स-रॉइसची थोरवी गायली आणि त्यातून ‘रोयाल’ची जिद्द पेटली, अशी एक कथा प्रचलित आहे. कारण काहीही असो, १९२६ मध्ये पहिला नमुना रस्त्यावर आला. नंतरच्या मोटारींत बसवलेल्या इंजिनाची क्षमता १२.७ लिटर होती. एका रांगेत आठ सिलिंडर असलेले हे इंजिन सुमारे ३०० अश्वशक्ती निर्माण करीत असे. पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतरच ४.३ मीटर, आणि वजन तीन टनांहून अधिक. रेडिएटरच्या टोपणावर सोंड उंचावून उभा असलेला चांदीचा हत्ती होता. तो दिवंगत रेम्ब्रांट यांच्या शिल्पावरून घेतलेला. भावाची कला आणि आपले यंत्र एकाच ठिकाणी आणण्याची ही एतोरे यांची रीत होती.

अशा २५ मोटारी बनवायच्या आणि त्या निवडक ग्राहकांनाच द्यायच्या, असा बेत होता. नुसत्या चॅसीची किंमत ३० हजार डॉलरच्या घरात होती. त्या काळी अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग ‘जे’ ही श्रीमंतांच्या स्वप्नातील मोटार समजली जाई आणि तिची चॅसी सुरुवातीला साडेआठ हजार डॉलरना मिळत असे. ‘रोयाल’च्या ग्राहकाला चॅसीचे पैसे मोजल्यावर वरची बांधणी पसंतीच्या कारागिराकडून वेगळे पैसे देऊन करवून घ्यावी लागे. स्पेनचे राजे तेरावे आल्फोन्सो ही मोटार घेणार, अशी चर्चा होती. पण १९३१ मध्ये त्यांनाच देश सोडावा लागला. अल्बानियाचे राजे झोग यांना मात्र बुगाटी यांनी स्वतःच नकार दिला, कारण त्यांची जेवणाच्या टेबलावरील रीत त्यांना पसंत पडली नाही, असे सांगतात. कथा खरी असो वा नसो, लोकांना ती खरी वाटावी असा बुगाटी यांचा स्वभाव होता.

ऑक्टोबर १९२९ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि पाठोपाठ जगभर मंदीची लाट आली. ‘रोयाल’ विक्रीसाठी सिद्ध झाली ती नेमकी याच सुमारास. सिंहासने डळमळत होती, उद्योगपती हात आखडते घेत होते. अशा वेळी डामडौलाचे प्रदर्शन करणारी मोटार घेण्यास कोण धजावणार? त्यातच पहिल्या नमुन्याला अपघात झाला. पॅरिसहून परतताना खुद्द बुगाटी यांना चालवता चालवता डुलकी लागली आणि मोटार रस्ता सोडून गेली. ते बचावले. त्या मोटारीच्या चॅसीला नव्याने देखणी बांधणी मिळाली आणि ती ‘कुपे नेपोलियन’ या नावाने प्रसिद्ध झाली. ती त्यांनी स्वतःच्या वापरासाठी ठेवली.

विक्री झाली ती फक्त तीन मोटारींची. पॅरिसमधील तयार कपड्यांचे धनाढ्य उत्पादक आर्माँ एस्देर यांनी टप नसलेली रोडस्टर घेतली. तिची रचना बुगाटी यांचा मुलगा जाँ याने केली होती. एस्देर रात्री मोटार चालवणार नव्हते, म्हणून तिला पुढचे दिवेच नव्हते. इंग्लंडमधील कॅप्टन कथबर्ट फॉस्टर यांनी १९३३ मध्ये बंद बांधणीची मोटार घेतली. आणि तिसरे ग्राहक होते न्यूरेंबर्गचे डॉ. जोसेफ फुक्स.

विशेष म्हणजे याच काळात बुगाटी यांच्या कारखान्यात विजेवर चालणारी एक खेळण्यातली मोटारही बनत होती. धाकटा मुलगा रोलाँ याच्यासाठी त्यांनी ‘टाइप ३५’ची ही चिमुकली प्रतिकृती करवून घेतली. ती पाहुण्यांना इतकी आवडली, की श्रीमंत घरच्या मुलांसाठी तिची रीतसर विक्री सुरू झाली. हे खेळणे राजांसाठी बनवलेल्या मोटारीपेक्षा कितीतरी अधिक खपले.

डॉ. फुक्स यांची कॅब्रिओले

डॉ. फुक्स हे स्त्रियांच्या प्रसूतीचे तज्ज्ञ डॉक्टर आणि हौशी शर्यतपटू. त्यांनी ‘रोयाल’ची चॅसी घेतली आणि म्युनिकमधील लुडविग वाइनबर्गर यांच्याकडे ती बांधणीसाठी सोपवली. वाइनबर्गर यांनी तिच्यावर टप मागे सारता येणारी, काळ्या आणि पिवळ्या रंगांतील रुबाबदार बांधणी चढवली. १९३२ मध्ये ती फुक्स यांच्या ताब्यात आली.

मालकीचा हा आनंद फार काळ टिकला नाही. जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि फुक्स यांनी देश सोडला. मजल दरमजल करीत ते चीनमधील शांघायला पोहोचले आणि तेथून १९३७ च्या सुमारास न्यूयॉर्कला. तीन टनांची ही मोटारही त्यांच्यासोबत समुद्र ओलांडत राहिली. देश, घर आणि व्यवसाय मागे ठेवून निघालेल्या माणसाने ही वस्तू मात्र सोडली नाही, ही बाब लक्षणीय आहे. पण न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात इंजिनातील पाणी काढून टाकण्याचे राहून गेले. पाणी गोठले, फुगले आणि इंजिनाचा भलामोठा ब्लॉक तडकला. त्याची दुरुस्ती करणे सोपे काम नव्हते. सुटे भाग मोल्सहाइमखेरीज कोठेही मिळणारे नव्हते आणि युरोप युद्धाच्या उंबरठ्यावर उभा होता. अखेर ती कॅब्रिओले भंगारात गेली आणि चार्ल्स चेन यांच्या दृष्टीस पडेपर्यंत तेथेच राहिली.

चेन यांनी तिची दुरुस्ती करताना काही बदल केले. एका कार्ब्युरेटरच्या जागी चार बसवले. काळा-पिवळा रंग जाऊन शिंपल्यासारखा पांढरा रंग आला, त्याला गर्द हिरव्या रंगाची जोड मिळाली. मूळ रूप जपण्याचा आग्रह धरणाऱ्यांना हे आज खटकेल. पण ४०० डॉलर मोजणारा हा अभियंता तेथे पोहोचला नसता, तर रंगाविषयी वाद घालण्यासाठी मोटारच उरली नसती.

रेल्वेने तारले

मोल्सहाइममध्ये तिकडे वेगळाच पेच उभा होता. २५ मोटारींच्या हिशेबाने ‘रोयाल’ची इंजिने बनलेली आणि मोटारी सहाच. शिल्लक इंजिनांचे करायचे काय? बुगाटी यांनी शोधलेले उत्तर त्यांच्या बुद्धिमत्तेची साक्ष देणारे होते. फ्रान्सच्या रेल्वेला वेगवान, हलक्या डब्यांची गरज होती. ‘रोयाल’ची दोन किंवा चार इंजिने बसवलेले, डब्याच्या मधोमध छतावरील छोट्या घुमटीत चालकाची जागा असलेले रेल्वेचे डबे त्यांनी तयार केले. १९३३ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष आल्बेर लब्रँ यांनी अशा डब्यातून शेर्बूरपर्यंत प्रवास केला. १९३४ मध्ये एका डब्याने ताशी १९६ किलोमीटरचा विक्रमी वेग गाठला. असे एकूण ८८ डबे बनले. शिल्लक इंजिने तर खपलीच, शिवाय याच जातीची आणखी कितीतरी इंजिने नव्याने बनवावी लागली. १९५० च्या दशकापर्यंत हे डबे फ्रान्सच्या रुळांवर धावत होते.

जे इंजिन राजे-महाराजांनी घेतले नाही, ते तिकीट काढून प्रवास करणाऱ्या सामान्य उतारूंच्या उपयोगी पडले. मंदीच्या काळात कारखाना त्यावरच तगला. या विक्रीत बुगाटी यांनी ग्राहकाची गरज आधी पाहिली आणि आपली कल्पना तिच्याशी जुळवून घेतली. मोटारींच्या बाबतीत ही लवचिकता त्यांनी क्वचितच दाखवली.

संकटांची मालिका

१९३६ मध्ये फ्रान्सभर संपाची लाट उसळली. मोल्सहाइमच्या कामगारांनीही कारखाना ताब्यात घेतला. स्वतःला कामगारांचा पालक मानणाऱ्या बुगाटी यांच्या जिव्हारी हे लागले. कामगारांच्या बाजूने पाहिले, तर मालकाच्या मायेपेक्षा हक्काचे वेतन आणि रजा त्यांना मोलाची वाटली, यात नवल नव्हते. बुगाटी यांनी मात्र कारखान्याकडे पाठ फिरवली आणि ते बहुतांश काळ पॅरिसमध्ये राहू लागले. मोल्सहाइमची धुरा जाँ याने उचलली.

जाँ हा वडिलांइतकाच प्रतिभावान होता. ‘टाइप ५७’सारखी मोटार त्याच्या देखरेखीखाली तयार झाली आणि १९३७ व १९३९ मध्ये बुगाटीने ल मॉन्सची २४ तासांची शर्यत जिंकली. ११ ऑगस्ट १९३९ रोजी जाँ ही विजयी मोटार मोल्सहाइमजवळच्या रस्त्यावर चाचणीसाठी चालवत होता. अचानक एक सायकलस्वार आडवा आला. त्याला वाचवण्याच्या प्रयत्नात मोटार झाडावर आदळली आणि जाँ ठार झाला. तो तीस वर्षांचा होता. या धक्क्यातून एतोरे कधीच सावरले नाहीत. कारखान्याला वारस उरला नव्हता. तीन आठवड्यांत दुसरे महायुद्ध सुरू झाले.

फ्रान्स पडल्यावर अल्सास पुन्हा जर्मनीच्या ताब्यात गेले. बुगाटी यांना आपला कारखाना जर्मनांना विकण्यास भाग पाडण्यात आले. सुमारे १५ कोटी फ्रँकचा हा सौदा मालमत्तेच्या खऱ्या मूल्याच्या मानाने फारच कमी रकमेचा होता. आपल्या मोटारीसाठी ग्राहक पारखून घेणाऱ्या माणसाला सारा कारखाना नकार देता येणार नाही अशा ग्राहकाच्या हाती द्यावा लागला. न विकलेल्या तीन ‘रोयाल’ मात्र जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून पॅरिसजवळच्या एर्मनोव्हिल येथे भिंतीआड दडवून ठेवल्याचे सांगितले जाते. १९४४ मध्ये पत्नी बार्बरा यांचे निधन झाले.

युद्ध संपले तरी संकट संपले नाही. जर्मनांना कारखाना विकलेला आणि जन्माने इटालियन असलेला मालक फ्रेंच सरकारच्या दृष्टीने संशयास्पद होता. शत्रूची मालमत्ता म्हणून कारखाना सरकारने ताब्यात घेतला. तो परत मिळवण्यासाठी बुगाटी न्यायालयात लढत राहिले. १९४७ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. परंतु तोवर ते मृत्युशय्येवर होते. २१ ऑगस्ट १९४७ रोजी त्यांचे निधन झाले. मोल्सहाइमलगतच्या डोर्लिसहाइम येथे, जाँ याच्या जवळ त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

दोन रेफ्रिजरेटर आणि ५५ लाख पौंड

बुगाटी यांच्या पश्चात ‘रोयाल’ मोटारींचा बाजार खऱ्या अर्थाने सुरू झाला. १९५० मध्ये अमेरिकेतील क्रीडाप्रेमी धनिक ब्रिग्ज कनिंगहॅम ल मॉन्सच्या शर्यतीसाठी फ्रान्सला आले होते. बुगाटी कुटुंबाला पैशांची चणचण होती. एतोरे यांची थोरली कन्या लेबे हिच्याकडून कनिंगहॅम यांनी दोन ‘रोयाल’ घेतल्या. मोबदल्यात काही हजार डॉलर आणि जोडीला दोन नवे कोरे रेफ्रिजरेटर दिले, असे सांगतात. युद्धोत्तर फ्रान्समध्ये शीतकपाट ही दुर्मिळ चीज होती, मोटारी मात्र दाराशी धूळ खात उभ्या होत्या. त्या घडीला कुटुंबाच्या दृष्टीने हा व्यवहार वावगा नव्हता.

पुढे काळ पालटला. अल्सासमधील कापड गिरण्यांचे मालक हान्स आणि फ्रित्झ श्लुंफ या बंधूंना बुगाटी मोटारींचे अक्षरशः वेड लागले. १९६० च्या दशकात त्यांनी ‘कुपे नेपोलियन’ मिळवली आणि अमेरिकेतील जॉन शेक्सपिअर या संग्राहकाच्या तीस बुगाटी मोटारी एकरकमी विकत घेतल्या. कॅप्टन फॉस्टर यांची ‘रोयाल’ त्यांतच होती. या छंदाची किंमत गिरण्यांनी चुकवली. कारखाने बुडाले, १९७७ मध्ये बेकार झालेल्या कामगारांनी तो गुप्त संग्रह ताब्यात घेतला आणि मालकांचा पैसा कोठे गेला हे जगाला दिसले. म्युलूज येथील हा संग्रह १९८२ पासून सार्वजनिक संग्रहालय म्हणून खुला झाला. एस्देर यांच्या रोडस्टरवर नंतरच्या मालकाने दुसरीच बांधणी चढवली होती. तिच्या मूळ रूपाची प्रतिकृतीही म्युलूजला पाहायला मिळते.

१९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे सहाही ‘रोयाल’ एकत्र उभ्या राहिल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९ नोव्हेंबर १९८७ रोजी, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कनिंगहॅम यांच्याकडील एक ‘रोयाल’ लिलावात निघाली. बोली ५५ लाख पौंडांवर थांबली. लिलावात मोटारीला मिळालेली ती तोवरची सर्वोच्च किंमत होती. रेफ्रिजरेटरच्या बदल्यात मिळालेल्या दोन मोटारींपैकी ती एक. स्वीडनच्या ज्या व्यावसायिकाने ती घेतली, त्यालाही ती फार काळ ठेवता आली नाही. १९९० मध्ये ती जपानी कंपनीकडे गेली. एस्देर यांची मोटार १९९९ मध्ये फोक्सवॅगन समूहाने घेतली. त्याच समूहाने त्याआधी, १९९८ मध्ये, बुगाटी हे नाव विकत घेतले होते. २००५ पासून मोल्सहाइममध्ये पुन्हा बुगाटी मोटारी तयार होऊ लागल्या.

मोटार तीच, धातू तोच, कारागिरीही तीच. एका काळात तिला प्रचंड भाव सांगितला गेला काय, भंगाराचा भाव आला काय, किंवा लाखो पौंडांची बोली लागली काय, ‘रोयाल’ बदलली नव्हती. बदलत होती ती माणसांची ऐपत आणि गरज. चांगली वस्तू आपला ग्राहक स्वतः शोधते, यावर बुगाटी यांची श्रद्धा होती. ती श्रद्धा खोटी ठरली नाही, परंतु ग्राहक येण्यास जो विलंब लागला, त्यात त्यांचे आयुष्य संपून गेले.

डॉ. फुक्स यांची कॅब्रिओले मात्र या लिलावांच्या धामधुमीतून बाहेर राहिली. चेन यांनी ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालयाला देणगी दिली. ज्या हेन्री फोर्ड यांनी ‘मॉडेल टी’ ही साधी, स्वस्त मोटार दीड कोटींच्या संख्येने लोकांच्या दारात पोहोचवली, त्यांच्याच नावाच्या छपराखाली अवघी तीन गिऱ्हाइके मिळवलेली बुगाटी उभी आहे. तिच्या रेडिएटरच्या टोपणावर रेम्ब्रांट यांचा हत्ती सोंड उंचावून अजूनही उभा आहे. आता तिला गिऱ्हाइकाची गरज नाही आणि ती विकायचीही नाही. तिकीट काढून आत येणारा कोणीही तिच्यासमोर हवा तितका वेळ उभा राहू शकतो.